बहुमत आहे, मग सभा कशाला?

कंपनीतले भांडण चव्हाट्यावर आले की पहिल्या दोन दिवसांतच एक वाक्य हमखास ऐकू येते: "नोटिशीचा मुद्दा निव्वळ तांत्रिक आहे." एका बाजूचे भागधारक म्हणतात, सभेची नोटीस आम्हाला मिळालीच नाही, तेव्हा त्या सभेत नेमलेले संचालक आम्हाला मान्य नाहीत. दुसरी बाजू म्हणते, निम्म्याहून जास्त शेअर आमच्याकडे आहेत, नोटीस दिली असती तरी हेच झाले असते. मग चर्चा माणसांवर घसरते. कोण लायक, कोण नालायक, थोरल्याने काय केले, धाकट्याला काय मिळाले, संस्थापकांच्या मनात काय होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये टाटा सन्सने सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केले तेव्हापासून जवळजवळ साडेचार वर्षे हेच चालले. २०२१ मध्ये झी आणि तिची मोठी भागधारक असलेली परदेशी गुंतवणूक संस्था इन्व्हेस्को यांच्या वादातही हेच झाले. सभा कशी बोलावली, तिच्यापुढे काय येणार हे कुणाला आधी ठाऊक होते आणि कुणाला नव्हते, या प्रश्नाकडे कुणी वळून पाहत नाही. माझ्या मते या सगळ्या भांडणांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच असतो.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. भागधारकांच्या नोंदवहीतल्या शेअरांच्या बेरजेला मी बहुमत मानत नाही. रीतसर बोलावलेल्या सभेत, सगळ्यांना बोलायची संधी मिळाल्यावर जे उमटते ते बहुमत. म्हणून जाणूनबुजून नोटीस चुकवून भरवलेल्या सभेत नेमलेला संचालक हा संचालक नव्हेच, असे कायद्याने स्वच्छ म्हटले पाहिजे. मात्र त्याने बाहेरच्या लोकांशी सद्भावनेने केलेले व्यवहार टिकले पाहिजेत, आणि चुकीची दुरुस्ती नव्या सभेतूनच, तीही महिन्याभरात झाली पाहिजे. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्यांची गल्लत होते म्हणून ही चर्चा नासते.

कायदा काय मागतो ते पाहा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १०१ प्रमाणे सर्वसाधारण सभेला पूर्ण २१ दिवसांची नोटीस लागते. विशेष कामकाज असेल तर कलम १०२ प्रमाणे त्याचे स्पष्टीकरण जोडावे लागते, आणि कोणत्या संचालकाचा त्यात काय हितसंबंध आहे तेही सांगावे लागते. संचालक मंडळाच्या सभेला कलम १७३ प्रमाणे सात दिवस. संचालकाला मुदतीआधी काढायचे तर कलम १६९ आणि ११५ खाली विशेष नोटीस लागते, आणि त्याला आपले म्हणणे मांडू द्यावे लागते. या २१ दिवसांत काय होते? सोलापूरचा भागधारक ताळेबंद कुणाकडून तरी समजून घेतो. मुंबईला येणे जमणार नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने मत देणारा प्रतिनिधी, देतो. आपल्यासारख्या इतरांना फोन करतो, शंका असेल तर वकिलाला कागद दाखवतो, आणि गरज पडली तर सभेच्या आधी न्यायालयात जातो. अल्पमतातल्या माणसाकडे मते कमी असतात. त्याच्या हाती खरे बळ उरते ते वेळेचे आणि माहितीचे, आणि ही दोन्ही त्याला नोटिशीतूनच मिळतात. नोटीस काढून घेतली की त्याच्याकडे लाभांशाच्या आशेशिवाय काही राहत नाही.

आता समोरच्यांचे म्हणणे, आणि ते कमकुवत करून नव्हे, त्यांच्या पूर्ण ताकदीने. पहिला आक्षेप दीडशे वर्षांचा आहे. १८७५ मध्ये मॅक्डूगल विरुद्ध गार्डिनर या इंग्लंडमधल्या खटल्यात न्यायमूर्ती मेलिश यांनी विचारले होते की, जे बहुमताला करण्याचा अधिकारच आहे ते फक्त चुकीच्या रीतीने झाले म्हणून दावा चालवून उपयोग काय? शेवटी पुन्हा सभा बोलवायची आणि बहुमताने तेच करायचे. १९७४ च्या बेंटली-स्टीव्हन्स विरुद्ध जोन्स या खटल्यात एका संचालकाला काढण्याच्या प्रक्रियेत नोटिशीचा दोष होता, तरी न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला, कारण दोष रीतसर सभा घेऊन सहज दुरुस्त होण्यासारखा होता. दुसरा आक्षेप असा की दोन टक्क्यांचा एखादा भांडखोर भागधारक प्रत्येक सभेच्या लिफाफ्यावरचा शिक्का तपासत बसला तर कंपनी चालायची कशी? नोटिशीतल्या चुका शोधून खटले घालणे आणि मग चढ्या भावाने आपले शेअर विकत घ्यायला लावणे, हे प्रकार होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. संचालकाची नेमणूक रद्द झाली तर त्याने सही केलेल्या कर्जाचे काय, कामगारांच्या करारांचे काय, पुरवठादाराला दिलेल्या चेकचे काय? मालकांच्या भांडणाची झळ ज्यांचा त्या भांडणाशी संबंध नाही त्यांना का बसावी?

तिन्ही आक्षेप खरे आहेत. पण त्यातून "नोटीस तांत्रिक आहे" हा निष्कर्ष निघत नाही.

पहिल्या आक्षेपाच्या मुळाशी एक गृहीतक आहे: मते आधीच ठरलेली असतात, सभा ती फक्त मोजते. हे गृहीतक तपासायला १९२० मधला लंडनच्या लेडीज इम्पीरियल क्लबचा खटला उत्तम आहे. तिथल्या समितीने एका सदस्येला क्लबमधून काढले. समितीच्या एक सदस्य होत्या डचेस ऑफ अ‍ॅबरकॉर्न. आपल्याला सभांना येता येणार नाही असे त्यांनी आधीच कळवले होते, म्हणून त्या सभेची नोटीस त्यांना पाठवलीच नाही. आता, ज्या बाई येणारच नव्हत्या त्यांना नोटीस दिली नाही म्हणून काय बिघडले? अपील न्यायालयाने सभा अवैध ठरवली आणि हकालपट्टी रद्द केली. नोटिशीत विषयही पुरेसा स्पष्ट नव्हता, असेही म्हटले. यामागचा विचार मला पूर्ण पटतो. नेहमीच्या सभेला न येणारा माणूस, एखाद्याला बाहेर काढायचा विषय आहे हे कळल्यावर सगळी कामे सोडून येऊ शकतो. किंवा चार ओळींचे पत्र धाडू शकतो, आणि त्या चार ओळींनी तीन मते फिरू शकतात. ती फिरली असती की नाही हे नोटीस न देणाऱ्याने ठरवायचे नसते.

"निकाल ठरलेलाच होता" असे म्हणणाऱ्यांसाठी आपल्याकडचेच अलीकडचे उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये झी एंटरटेनमेंटच्या वार्षिक सभेपुढे प्रवर्तक कुटुंबातले पुनीत गोएंका यांची संचालक म्हणून फेरनेमणूक करण्याचा ठराव होता. त्याच्या बाजूने ४९.५४ टक्के मते पडली आणि ठराव फेटाळला गेला. सभेआधी कुणी छातीठोकपणे सांगू शकले असते का, की हा ठराव एक टक्क्याहूनही कमी फरकाने पडेल? नोंदवही पाहून अंदाज बांधता येतो, निर्णय करता येत नाही.

यापेक्षा जुने आणि आपल्या अधिक जवळचे उदाहरण द्यायचे तर सुरतेचे. डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन नागपूरहून हलवून सुरतेला नेले गेले. जहालांची तक्रार होती की स्वराज्य, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण या विषयांवरच्या ठरावांचे मसुदे प्रतिनिधींना वेळेवर दाखवलेच नाहीत. म्हणजे सभेपुढे काय येणार हेच माहीत नव्हते. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदाच्या ठरावावर बोलायचे आहे अशी चिठ्ठी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांना पाठवली. उत्तर आले नाही. टिळक स्वतः व्यासपीठावर गेले, तेव्हा अध्यक्षांची निवड झालेलीच आहे, तुम्हाला बोलता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. पुढचा गोंधळ, खुर्च्या, फेकलेला जोडा हे शाळेत सगळ्यांनी वाचलेले असते. दोष कुणाचा जास्त यावर अजून वाद घालता येईल. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. सुरतेच्या मंडपात मवाळांचे बहुमत होते. टिळकांना दहा मिनिटे बोलू दिले असते, मग मते घेतली असती, तर घोष बहुधा अध्यक्ष झालेच असते, आणि त्या निवडीवर कुणाला बोट ठेवता आले नसते. जिंकणारच होते त्यांनी रीत टाळली आणि काँग्रेस नऊ वर्षे दुभंगलेली राहिली, १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत. "तसेही आम्हीच जिंकलो असतो" हे वाक्य म्हणणाऱ्याच्याच विरुद्ध जाते. जिंकणारच होता, तर सांगून, बोलावून, सगळ्यांसमोर जिंकायला अडचण काय होती?

सभा म्हणजे काय, हा प्रश्न १९१४ मध्ये पॅडिंग्टन स्टेशनच्या फलाटावर उभा राहिला. एका कंपनीत दोनच संचालक होते, कॅनन बॅरन नावाचे धर्मोपदेशक आणि पॉटर. दोघांचे इतके फाटले होते की बॅरन पॉटरबरोबर सभेला बसायलाच तयार नव्हते. पॉटर अध्यक्ष, त्यामुळे मते सारखी पडली तर निर्णायक मत त्यांचे. त्यांनी बॅरन यांना गाडीतून उतरताना गाठले, बरोबर चालत चालत नवे संचालक नेमण्याचा ठराव मांडला, बॅरन यांनी नकार दिला, तेव्हा पॉटर यांनी आपले निर्णायक मत टाकून ठराव मंजूर झाल्याचे जाहीर केले. दोन्ही संचालक समोरासमोर, ठराव मांडलेला, मते पडलेली. आकड्यांच्या हिशेबाने सगळे होते. न्यायमूर्ती वॉरिंग्टन यांनी ही संचालक मंडळाची सभाच नव्हे असा निर्णय दिला, कारण एकाची तिला संमती नव्हती आणि ती तशी बोलावलेलीही नव्हती. इतकेच करून न्यायालय थांबले नाही. मंडळ निकामी झाले आहे, तेव्हा संचालक नेमण्याचा अधिकार भागधारकांच्या सर्वसाधारण सभेकडे जातो, आणि तिने केलेल्या नेमणुका वैध, असेही ठरवले. म्हणजे न्यायालयाने चुकीची नेमणूक पाडली आणि कंपनीही अडकवून ठेवली नाही. नोटीस गंभीरपणे घेतली तर कारभार ठप्प होतो, ही भीती किती अनाठायी आहे ते इथे दिसते.

दुसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे भांडखोर भागधारकाकडे वळू. कायदा इतका भाबडा नाही. कलम १०१ मध्येच म्हटले आहे की एखाद्याला नोटीस पाठवायची नजरचुकीने राहिली किंवा ती त्याला पोचली नाही, एवढ्याने सभा अवैध होत नाही. प्रश्न नजरचूक कशाला म्हणायचे हा आहे, आणि १९६२ मधल्या दोन इंग्रजी खटल्यांत त्याचे चांगले उत्तर मिळते. वेस्ट कॅनेडियन कॉलरीज कंपनीत काही भागधारकांचे पत्ते छापण्याचे ठसे दुसऱ्या कामासाठी वेगळे काढून ठेवले होते, नोटिसा छापताना ते तसेच बाजूला राहिले. न्यायालयाने ही नजरचूक मानली आणि सभा टिकवली. मसलव्हाइट कुटुंबाच्या कंपनीत मात्र काही जणांनी शेअर विकायचा करार केला होता, पैसे पूर्ण मिळालेले नव्हते, नोंदवहीत नाव त्यांचेच होते. हे आता सदस्य राहिले नाहीत असे समजून त्यांना नोटीस दिली नाही. ही नजरचूक नव्हे, सभा अवैध, असा निकाल लागला. त्यांना वगळायचे हे कुणीतरी ठरवले होते, भले ते गैरसमजातून असो. ही रेघ मला योग्य वाटते. ठसा बाजूला पडला तर माफ, माणूस बाजूला काढला तर नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा नीडल इंडस्ट्रीजचा १९८१ चा निकाल माझ्या विरोधात वापरला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबावे लागेल. निलगिरीत सुया बनवणारी ही कंपनी. परकीय चलन नियमन कायद्यामुळे ब्रिटिश कंपनीचा हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा होता. मंडळाने नवे शेअर काढले आणि २ मे १९७७ च्या सभेत ते भारतीय गटाला दिले. इंग्लंडला धाडलेले शेअर देऊ करण्याचे पत्र तिथे पोचले ते त्याच २ मे रोजी. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाने हे शेअरवाटप टिकवले, नोटिशीचा दोष म्हणजे आपोआप दडपशाही नव्हे असे म्हटले. इथवर वाचून लोक थांबतात आणि म्हणतात, बघा, नोटीस दुय्यमच. पण निकाल तिथे थांबत नाही. १०० रुपयांना दिलेल्या शेअरची खरी किंमत १९० होती. ब्रिटिश कंपनीच्या वाट्याला येऊ शकणाऱ्या ९,४९५ शेअरांवरचा हा फरक, म्हणजे ८,५४,५५० रुपये, भारतीय गटाने तिला द्यावेत असा आदेश झाला. पत्र उशिरा पोचल्याने कुणाचे काय गेले हे न्यायालयाने मोजले आणि भरून द्यायला लावले. ज्याला आपण तांत्रिक म्हणतो त्याची रुपयांत किंमत कोण करील? शिवाय १९७३ च्या परमेश्वरी प्रसाद गुप्ता खटल्यात याच न्यायालयाने सांगितले होते की एखाद्या संचालकाला नोटीस न देता घेतलेल्या मंडळाच्या सभेतला ठराव टिकत नाही. तो वाचला तो नंतरच्या रीतसर सभेने त्याला मान्यता दिली म्हणून. पुन्हा तेच. औषध आहे, पण ते सभेतच मिळते. मागच्या तारखेचे इतिवृत्त लिहून मिळत नाही.

आता एक गोष्ट जिचा मला खरोखर राग येतो. नोटीस तांत्रिक आहे असे सांगणारे सत्ताधारी संचालक, विरोधकांनी सभा मागितली की अचानक काटेकोर होतात. कलम १०० प्रमाणे दहा टक्के मतांचे भागधारक विशेष सर्वसाधारण सभा मागू शकतात. मंडळाने २१ दिवसांत ती बोलवायची, मागणीपासून ४५ दिवसांच्या आत ती व्हायला हवी, नाही बोलावली तर मागणाऱ्यांनी स्वतः तीन महिन्यांत घ्यायची. सप्टेंबर २०२१ मध्ये झीमध्ये १७.८८ टक्के असलेल्या इन्व्हेस्कोच्या फंडांनी अशी मागणी केली: गोएंकांसह तीन संचालकांना काढा, सहा नवे स्वतंत्र संचालक नेमा. प्रवर्तक कुटुंबाकडे तेव्हा सुमारे चार टक्के होते. मंडळाने मागणी अवैध म्हणून नाकारली आणि कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबरमध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सभेला मनाई केली. तो निकाल उथळ नव्हता. मागितलेले ठराव मंजूर झाले तर कंपनीकडून प्रसारण खात्याच्या परवानगीचे आणि कंपनी कायद्याचे उल्लंघन घडेल, मग अशी सभा भरू का द्यायची, हा प्रश्न रास्त होता. तरी मार्च २०२२ मध्ये खंडपीठाने तो फिरवला, आणि ते योग्यच झाले. मागणीपत्र वैध आहे का, एवढेच मंडळाने पाहायचे: आकडा पुरा आहे का, सह्या आहेत का, विषय लिहिला आहे का. ठराव शहाणपणाचा आहे की नाही हे सभा ठरवील. एस्कॉर्ट्स कंपनीच्या खटल्यात आयुर्विमा महामंडळाने नऊ संचालकांना काढण्यासाठी सभा मागितली तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले होते, भागधारकाला कारणे देण्याचेही बंधन नाही. झीत मात्र त्या सहा महिन्यांत सोनीबरोबरच्या विलीनीकरणाची घोषणा होऊन गेली होती, आणि निकालानंतर दोनच दिवसांत इन्व्हेस्कोने मागणी मागे घेतली. सभा कधी झालीच नाही. भागधारकांना काय हवे होते हे २०२१ मध्ये कळले असते, ते कळायला २०२४ उजाडले. यातला तांत्रिक मुद्दा कुणाचा होता?

टाटांच्या प्रकरणात मी न्यायालयाच्या निकालावर बोट ठेवत नाही. कंपनी कायद्याच्या अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१९ मध्ये मिस्त्रींना परत बसवले, त्यांच्या जागी आलेल्या एन. चंद्रशेखरन यांची नेमणूक बेकायदा ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२१ रोजी ते सगळे रद्द केले. पण दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. २४ ऑक्टोबर २०१६ ला बॉम्बे हाउस या टाटांच्या मुख्यालयात मंडळाच्या सभेत, विषयपत्रिकेवर नसलेला अध्यक्षबदल झाला. ६ फेब्रुवारी २०१७ ला भागधारकांच्या विशेष सभेने मिस्त्रींना संचालकपदावरूनही काढले, आणि या सभेला नोटीस होती, विषय लिहिलेला होता, काय होणार हे प्रत्येकाला आधी माहीत होते. वर्षानुवर्षे खदखद राहिली ती पहिल्या तारखेची. गावच्या सोसायटीपासून साखर कारखान्यापर्यंत प्रत्येक विषयपत्रिकेच्या तळाशी "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" अशी ओळ असते. कंपनी सचिवांच्या मानकांतही विषयपत्रिकेबाहेरचा विषय बहुसंख्य उपस्थित संचालकांच्या संमतीने घेता येतो. ही सोय अचानक आलेल्या नोटिशीचे उत्तर द्यायला, तातडीच्या परवान्यावर सही करायला आहे. प्रमुख माणूस बदलणे हा ऐनवेळचा विषय असू नये. असे करणे कायद्याने चालते की नाही हा एक प्रश्न. ज्याला ते आदल्या दिवशी माहीत असते आणि ज्याला खुर्चीत बसल्यावर कळते, त्या दोघांची सभा एकच असते का, हा दुसरा.

मोठ्या कंपन्यांच्या खटल्यांची वर्तमानपत्रात चर्चा होते, पण सर्वांत जास्त नुकसान छोट्या खासगी कंपन्यांत होते. बाजारात नोंदलेल्या कंपनीत नाराज भागधारक शेअर विकून मोकळा होऊ शकतो. इचलकरंजीच्या किंवा चाकणच्या भावाभावांच्या कंपनीत तो कुणाला विकणार? १९५६ च्या कायद्यात टपाल खात्याच्या पोस्टिंग सर्टिफिकेटवर, म्हणजे पत्र टाकल्याच्या शिक्क्याच्या दाखल्यावर, ४८ तासांत नोटीस मिळाली असे मानले जाई. मागच्या तारखेचा शिक्का मिळवणे अवघड नाही हे सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवून ठेवले आहे, आणि केरळ कौमुदीच्या प्रकरणात अशा सर्टिफिकेटावर उभा केलेला पुरावा त्याने स्वीकारला नाही. टपाल खात्याने ती सोय २०११ मध्ये बंद केली. आता ईमेलने नोटीस जाते, आणि भांडण "तुमच्या स्पॅममध्ये गेली असेल" यावर येते. डेल अँड कॅरिंग्टनच्या २००४ च्या निकालातला भागधारक परदेशात होता. इकडे व्यवस्थापकीय संचालकाने स्वतःलाच शेअर देऊन बहुमत आपल्या हातात घेतले होते, आणि ज्या सभेत हे झाले म्हणतात तिची नोटीस दिल्याचा पुरावा नव्हता. न्यायालयाने ते वाटप रद्द केले. न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून सांगलीतल्या वडिलोपार्जित कंपनीत वीस टक्के असलेला मराठी माणूस हा निकाल वाचून ओळखीचे काहीतरी वाचतो आहे असेच म्हणेल.

तिसरा आक्षेप, बाहेरच्या लोकांचा. त्याचे उत्तर कायद्यात आहे आणि ते पुरेसे आहे. कलम १७६ म्हणते की संचालकाच्या नेमणुकीत दोष होता असे नंतर लक्षात आले तरी त्याने आधी केलेली कृत्ये वैध राहतात. दोष कंपनीच्या लक्षात आल्यानंतरची मात्र नाहीत. बँकेचे कर्ज, कामगारांचा करार, पुरवठादाराचा चेक सुरक्षित. आणि १९४६ च्या मॉरिस विरुद्ध कॅन्सन या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने स्पष्ट केले की असे कलम दोषपूर्ण नेमणूक झाकते, नेमणूकच झाली नसेल तर ती निर्माण करत नाही. त्यामुळे बाहेरच्यांच्या नावाने आतल्यांना वाचवण्याची गरज नाही.

मग उरते काय? मला तीन बदल हवे आहेत. कलम १७३ मध्ये नोटीस न देणाऱ्या अधिकाऱ्याला २५ हजार रुपयांचा दंड आहे, पण त्या सभेतल्या नेमणुकीचे काय होते याबद्दल कलम गप्प आहे. २५ हजारांत कंपनीचा ताबा मिळत असेल तर ते कुणीही आनंदाने भरील. जाणूनबुजून नोटीस चुकवली असेल तर नेमणूक निष्प्रभ, हे कलमातच लिहावे. नोटीस दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याने सभा घेतली त्याच्यावर असावी. मिळाली नाही हे सिद्ध करायला भागधारकाला लावणे अन्याय आहे, न मिळालेल्या कागदाचा पुरावा कुठून आणायचा? आणि कंपनी न्यायाधिकरणाला कलम ९७ व ९८ खाली सभा बोलावण्याचे अधिकार आहेतच, ते पहिल्याच तारखेला वापरावेत: तीस दिवसांत स्वतंत्र अध्यक्षाखाली नवी सभा, तोवर वादग्रस्त संचालकांनी फक्त रोजचा कारभार पाहावा, नवे शेअर काढू नयेत, मालमत्ता विकू नये. बहुमतवाले खरोखर बहुमतात असतील तर त्यांचे तीस दिवसांपलीकडे काही जात नाही. भांडखोर भागधारकाच्या हातातले वाद वर्षानुवर्षे लांबवण्याचे हत्यारही यातच निकामी होते.

आणि ज्याला नोटीस मिळाली नाही त्याने गप्प बसू नये. १८८७ च्या ब्राउन विरुद्ध ला त्रिनिदाद खटल्यात एका संचालकाला सभेची नोटीस अवघी काही मिनिटे आधी मिळाली होती, तरी सभा टिकली, कारण त्याने वेळेवर हरकत घेतली नाही. सभेला जाऊन बसलात, चर्चेत भाग घेतलात आणि सहा महिन्यांनी नोटीस आठवली, तर न्यायालय ऐकून घेणार नाही. कळल्या दिवशी लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी, सभेला जाणार असाल तर हरकत राखून हजर आहे असे इतिवृत्तात लिहून घ्यावे, आणि लिहायला नकार मिळाला तर तसा ईमेल त्याच संध्याकाळी कंपनी सचिवाला आणि सगळ्या संचालकांना पाठवावा.